दहा मिनिटांचं गोड

ज्या बाईंनी मला गोड करायला शिकवलं त्यांच्या चुलीत वह्या ठेवलेल्या असत. चुलीच्या वैलावर शाईची दौत असे आणि सरपणाच्या कोनाड्यात पाट्या रचलेल्या असत. ती चूल एकदाही पेटलेली नव्हती. लिंपणाऱ्या बाईच्या बोटांचे ठसे मातीवर जसेच्या तसे होते.

या बाई आम्हांला मुलींच्या मदरशात हिसाब शिकवायच्या. राज्य निजामाचं होतं. शाळेला मदरसा म्हणत, गणिताला हिसाब, आठवड्याची सुट्टी जुम्म्याला असे आणि शिकवणारीला उस्तानी म्हणत. आम्ही त्यांना उस्तानीबी म्हणायचो. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकावर लिहिलेलं असेल, मी कधी बघितलं नाही.

त्या बेगमपुऱ्यात एकट्या राहायच्या. वय चाळिशीचं, अंग हाडकुळं, बुरखा मूळचा काळा पण उन्हानं तपकिरी झालेला. गळ्यात वडिलांचं खिशातलं घड्याळ काळ्या दोऱ्यात अडकवलेलं. दागिना असा तोच. सकाळी भट्टीवरून नान आणायच्या, दुपारी फळं खायच्या आणि संध्याकाळी भावाच्या घरून डबा यायचा. घराच्या अंगणात जामाची दोन झाडं होती. बाहेरचे लोक त्याला पेरू म्हणतात.

घड्याळाशिवाय त्यांचं पान हलत नसे. एखाद्या निकाहाला जाऊन आल्या की सांगायच्या, "निकाह चार मिनिटं. बिर्याणीची वाट बघण्यात अडीच घंटे." कोणी बोलायला आलं की घड्याळ बघायच्या आणि गेल्यावर मिनिटं सांगायच्या, त्यातली कामाची किती तेही सांगायच्या. एकदा मी त्यांच्याबरोबर टांग्यातून शहागंजला गेले. उतरताना त्या टांगेवाल्याला म्हणाल्या, "तुमचा घोडा कालपेक्षा तीन मिनिटं मागे आहे. पाय बघा." टांगेवाला म्हणाला, "बीसाहेब, रस्त्यात गर्दी होती." त्या म्हणाल्या, "गर्दीचं मिनिट मी वेगळं धरलंय." त्यानं पाय उचलून बघितला. खुरात खिळा होता.

वर्गात त्यांच्याकडे दोनच शब्द होते. उत्तर बरोबर आलं की "पुढं" आणि चुकलं की "परत". शाबासकी नाही की छडीही नाही. सहा महिन्यांत मी "परत" इतक्या वेळा ऐकलं की घरी आई हाक मारायला लागली तरी मला आधी आपलं चुकलं असंच वाटायचं.

मी हिसाबात कच्ची होते आणि मिडलचं इम्तिहान जवळ आलं होतं. आमच्या घरात एक गोष्ट कोणी बोलून दाखवली नव्हती, पण ठरलेली होती: मिडल पास झाले तर पुढं शिकायचं आणि नापास झाले तर लग्न. त्यात आणखी एक बारीक कलम होतं. इम्तिहानाच्या आधीच चांगलं स्थळ आलं तर पास-नापासचा प्रश्नच उरत नव्हता.

बहमन महिन्यात, म्हणजे नाताळाच्या सुमारास, मदरशाला पंधरा दिवस सुट्टी असे. थंडी बरी पडायची, छावणीत साहेबलोकांचा सण असायचा आणि बाजारात फळांचे ढीग लागायचे. जाम, बोरं, केळी, पपया, संत्री, दौलताबादकडची शेवटची सीताफळं. सुट्टीत मुलींनी घरकाम शिकावं अशी सगळ्या आयांची इच्छा होती. सुट्टीतही हिसाबाला पाठवा असं कोणी सांगितलं असतं तर तिला दारातूनच परत पाठवलं असतं.

उस्तानीबींच्या यादीत आम्ही पाच कच्च्या मुली होतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी त्या पाचही घरी गेल्या. आमच्या दारात उभ्या राहून आईला म्हणाल्या, "सुट्टीत पोरीला पाठवा. रोज तीन घंटे. फळांचं गोड शिकवते."

आई म्हणाली, "फळांचं? म्हंजी चुलीवरचं नाय?"

"आग नक्को, पाणी नक्को. फळ, दूध, साखर. दूध तुमच्या घरचं द्या. भांडं, चमचा तुमचाच द्या."

आईनं जरा विचार केला. पाचांत तीन घरं हिंदू होती, दोन मुसलमान. एकमेकांच्या चुलीवरचं आणि एकमेकांच्या पाण्यातलं आमच्याकडे खात नसत. फळाला मात्र काही होत नसे. साल काढली की ते कोणाच्याही हातचं चालायचं. त्यामुळे आग नाही आणि पाणी नाही म्हटल्यावर आईकडे नाही म्हणायला काही उरलं नाही. ती एवढंच म्हणाली, "सोपंच शिकवा. लई अवघड नको तिला."

"दहा मिनिटांच्या वरचं शिकवणारच नाही," उस्तानीबी म्हणाल्या. हे त्या अगदी खरं बोलल्या होत्या.

पहिल्या दिवशी आम्ही पाचजणी भांडी, चमचे आणि दूध घेऊन गेलो. त्यांनी घड्याळ खुंटीला लावलं, केळी सोलून कुस्करायला सांगितली आणि वरून दूध, साखर, वेलची. दहा मिनिटं झाल्यावर वाट्या झाकून ठेवल्या आणि चुलीतून वह्या काढल्या. दोन घंटे पन्नास मिनिटं आम्ही त्रैराशिक केलं. घरी नेईपर्यंत शिकरण काळी पडली. दुसऱ्या दिवसापासून हिसाब आधी आणि गोड शेवटी असा बदल झाला. स्वयंपाकातली चूक सुधारताना मी त्यांना तेवढंच एकदा बघितलं.

त्यांचे पदार्थ असे होते. संत्र्याच्या फोडींचं पातळ साल काढायचं, वर पिठीसाखर आणि गुलाबपाण्याचे चार थेंब. पिकलेला जाम मलमलीतून गाळायचा, म्हणजे बिया वर राहतात; त्यात साखर आणि चिमटीभर काळं मीठ. पपईच्या फोडींवर लिंबू आणि साखर. सीताफळाचा गर गार दुधात. सगळ्यांत आवडता पदार्थ सुक्या खुबानीचा, म्हणजे जर्दाळूचा. खुबानी रात्रभर संत्र्याच्या रसात भिजत घालायची, सकाळी बोटांनी कुस्करायची, बिया फोडून आतला गर वर घालायचा आणि साय. त्या म्हणायच्या, "हे उत्तम. आपण झोपतो, ते होतं." मी आजही हे पदार्थ करते. दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत आणि पाहुण्यांना ते कळत नाही.

झुबेदा आमच्यातली सगळ्यांत चुणचुणीत होती. तिच्या आईनं तिला शंका विचारायला सांगितली होती. "उस्तानीबी, अम्मी पुसती, इत्त्या थंडीत रोज ठंडंच काइकू?"

"हिवाळ्यात ठंडं खाल्लं की दात मजबूत होतात."

"खरंच?"

"मालूम नाही. पुढं."

चार दिवस हे ठीक चाललं. पाचव्या दिवशी पैठणहून माझी आत्याबाई आली.

आत्याबाई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. साठीची, विधवा. पैठणला तिच्या सासरी दोन वेळा वीस पानं उठायची आणि ती सगळी तिच्या हाताखालून जायची. तिनं येताना तिळाची पोतडी, भरताची वांगी आणि माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. मुलगा गंगापूरचा, घरची ऊसशेती, मुलाची आई सध्या औरंगाबादेत बहिणीकडे आलेली. जमलं तर माघात लग्न. मिडल फाल्गुनात होतं.

मी त्या दिवशी केळ्याची शिकरण घेऊन घरी आले. आत्याबाईनं एक चमचा तोंडात घातला आणि वाटी खाली ठेवली.

"हे काय हाय?"

आई म्हणाली, "शिकरण, वन्सं. उस्तानीबीकडं शिकती सुट्टीची. रोज तीन घंटे."

"तीन घंट्यात केळं कुस्करलं?"

"सोपंच शिकवायला सांगितलंय."

"सोपं म्हंजी किती सोपं? माकडाला येतंय हे." मग माझ्याकडे वळून, "उद्या मी येती तुझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी आत्याबाई जामाच्या झाडाखाली घोंगडी टाकून बसली. उस्तानीबींनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि आम्हांला गोड आधी करायला लावलं. पपई चिरून झाली. नऊ मिनिटं लागली. मग आम्ही पाचजणी पपईकडे बघत बसलो. एका फोडीवर तीनदा लिंबू पिळलं गेलं.

आत्याबाई म्हणाली, "आता?"

"आता मुरू द्यायचं," उस्तानीबी म्हणाल्या.

"पपई मुरती व्हय?"

आत्याबाई उठली आणि चूल बघायला आत गेली. कोणाच्याही घरी गेली की ती चूल बघायची, त्यावरून तिला घर कळायचं. मग ती दोन वह्या हातात घेऊन बाहेर आली.

"बी, हे तुमच्या चुलीत व्हतं."

"हौ. तिथं वाळवी लागत नाही."

"तुम्हाला सैपाक येतो का?"

"नाही येत."

"कायच नाय?"

"अंडं उकडता येतं असं वाटतं. करून बघितलं नाही."

"मग हितं तीन घंटे काय शिकवता पोरींना?"

"हिसाब. पाचही कच्च्या आहेत. मिडलला बसायच्या आहेत."

आत्याबाईनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. आत्याबाईच्या मागं आता घर आहे, वडील आहेत, गंगापूर आहे आणि मी उद्यापासून इथं नसणार, हे मला त्या एका क्षणात पूर्ण कळलं. आत्याबाई बराच वेळ वह्यांची पानं उलटत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मग म्हणाली, "हिसाबाचं मला काय कळत नाय. पण असली शिकरण माझ्या भावाच्या घरात जाणार नाय. खोटं बोलायचं तर बोला. पदार्थ तर नीट करा!"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःची शेगडी, स्वतःचे कोळसे, स्वतःचं पातेलं आणि आमच्या घरचं सहा शेर दूध घेऊन आली. उस्तानीबींचं फक्त अंगण वापरलं. अंगणाला विटाळ नसतो असं तिनंच ठरवलं. जामाच्या झाडाखाली तिनं सीताफळाची बासुंदी मांडली. दूध आटायला दोन घंटे, गार व्हायला एक घंटा, मग गर. इतका वेळ लागणाऱ्या पदार्थाबद्दल उस्तानीबींनी तोंडभरून चांगलं बोललेलं मी तेव्हाच ऐकलं. "तीन घंटे! पूर्ण तीन घंटे! असलं आणखी काय काय येतं तुम्हाला?"

"जामाची बर्फी येती. चार घंटे लागतात."

"उद्या ती करा."

अशी आमची सुट्टी बदलली. आत्याबाई ढवळायची आणि आम्ही उदाहरणं सोडवायचो. पाच वाट्या पाच घरी जायच्या. मुसलमान घरांतही तिच्या हातचं खाल्लं गेलं. वाट्या कोणाच्या हातच्या आहेत हे तिथं कोणी सांगितलं नव्हतं.

एक दिवस उस्तानीबींनी उदाहरण घातलं. "एक औरत रोज सहा घंटे चुलीपुढं बसते. तिनं साठ साल चूल केली तर त्यातले कित्ते साल चुलीपुढं गेले?"

झुबेदानं आधी हात वर केला. "पंधरा."

"पुढं. दुसऱ्या औरतीनं एक साल केली. कित्ते?"

"तीन महिने."

"हौ. ती मी. तीन महिने बसले, मग हे उदाहरण सोडवलं, मग शौहरला बोली, नक्को. त्याला बायको मिळाली दुसरी, मला मदरसा मिळाला. पुढं."

त्यांच्या लग्नाबद्दल त्यांच्या तोंडून आम्ही एवढंच ऐकलं. आम्ही पाट्या पुसल्या. शेगडीपाशी ढवळणं थांबलं होतं.

"बी," आत्याबाई म्हणाली, "मी दहाव्या वर्षी बसले. आता साठावं सरलं."

"पन्नास साल. रोज सहाच घंटे?"

"सहा धरा."

उस्तानीबींनी मला खूण केली. मी पाटीवर मांडलं. उत्तर आलं. "साडेबारा साल."

"पुढं," उस्तानीबी म्हणाल्या.

आत्याबाई म्हणाली, "सणावाराचं वेगळं धराय लागंल."

"सणाचे कित्ते घंटे?"

आत्याबाईनं विचार केला. "ऱ्हाऊ द्या. ते नाय मोजता येणार." मग ती पुन्हा ढवळायला लागली, पण त्या दिवशी दूध जरा खाली लागलं.

मदतीचा तोटा असा झाला की पदार्थ फार चांगले व्हायला लागले. आई खूश होती. माझ्या हाताला चव आली असं तिनं शेजारीपाजारी सांगितलं आणि बासुंदीचा एक गडवा गंगापूरकरणीच्या बहिणीकडे पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी गडवा धुऊन परत आला आणि सोबत निरोप आला: जुम्म्याला येतो, मुलीनं हीच बासुंदी आमच्या डोळ्यांदेखत करावी, मग बोलणी करून टाकू.

मी हे उस्तानीबींना सांगितलं तेव्हा त्या मलमलीतून जाम गाळत होत्या. त्यांनी गाळणं पूर्ण केलं. मग अंगणात आत्याबाईपाशी गेल्या. इतर मुली आत होत्या, मी दारात उभी होते.

"ही बासुंदी बिघडते कधी?"

"का वो?"

"जवाब बरोबर का आला ते समजायला, गलत कुठं होतो ते बघावं लागतं."

आत्याबाई त्यांच्याकडे बघत राहिली. स्थळ तिनं आणलेलं होतं, शब्द तिचा गेलेला होता. मग ती पातेल्याकडे बघून म्हणाली, "सीताफळ तापवायचं नसतं. दूध उकळतं असताना गर घातला की फाटतं, वर कडू होतं. पार गार झाल्यावरच घालायचा. एवढं एक सांभाळलं की बिघडत नाय."

"लिहून घे," उस्तानीबी मला म्हणाल्या. मी वहीत लिहून घेतलं. उस्तानीबींनी लगेच व्याजाचं उदाहरण घातलं आणि मी ते चुकवलं. "परत."

जुम्म्याला गंगापूरकरीण आली. बाई वाईट नव्हती. शांत होती, कमी बोलायची, गुडघे दुखत होते तरी माझा हात बघायचा म्हणून स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसली. आई बाहेर पान लावत होती. आत्याबाई माझ्या डाव्या हाताला उभी.

मी दोन घंटे दूध आटवलं. सीताफळाच्या बिया काढल्या, गर वाटीत घेतला. बाई म्हणाली, "हात चांगला चालतो पोरीचा." माझा हात चांगला चालतच होता, इतके दिवस शेजारी बसून बघून बघून कोणालाही आलं असतं. पातेल्यात दूध रटरटत होतं. मी गराची वाटी उचलली.

आत्याबाईनं वाटीकडे बघितलं आणि दुधाकडे बघितलं. एरवी मी वेलची आधी टाकली तरी ती माझ्या हातातून चमचा हिसकावून घ्यायची. त्या दिवशी तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "खिडकी उघडती जरा. धूर झालाय."

धूर नव्हता. ती खिडकीपाशी गेली आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. मी गर दुधात ओतला.

मी मुद्दाम केलं का, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. मी वहीत लिहिलं होतं ते केलं.

गंगापूरकरणीनं पहिला चमचा खाल्ला आणि थांबली. मग सगळी वाटी संपवली, कारण ती पाहुणी होती. पाणी प्यायली. आईनं चव घेतली आणि तिचा चेहरा उतरला. बाईनं विचारलं, "पोरगी शिकती का?"

"मिडलला बसतीय," आई म्हणाली.

"मग बसू द्या की मिडलला. घाई काय हाय." आणि टांगा मागवला.

बाई गेल्यावर आई स्वयंपाकघरात पातेलं घेऊन बसली. "कालपर्यंत तर एवढी गोड व्हायची. आज काय केलंस गं तू?"

मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाली, "तिनं काय केलं? उस्तानीबीनं वहीत लिहून दिलंय तसं केलं पोरीनं. बघ वही." आईनं वही बघितली. तिलाही वाचता येत नव्हतं. आत्याबाईनं पातेलं उचललं आणि बासुंदी म्हशीच्या आंबोणात ओतली. म्हशीनं खाल्ली नाही.

बेगमपुऱ्यात ही गोष्ट दोन दिवसांत पसरली. कडू बासुंदी शिकवणारी बाई म्हणून उस्तानीबींचं नाव झालं. आमच्या पाचांतल्या दोघींच्या आयांनी मुली पाठवणं बंद केलं. माझ्यामुळे झालं म्हणून मी माफी मागायला गेले. त्या वह्या तपासत होत्या.

"दूध आटवायला कित्ता वक्त लागला?"

"दोन घंटे."

"ते फुकट गेले. उद्या दोन घंटे जादा बस."

"उस्तानीबी, त्या दोघी येत नाहीत आता. तुमचं नाव खराब झालं."

"सुट्टीचे चार दिवस बाकी आहेत," त्या म्हणाल्या. "नावाचं नंतर बघू."

त्या संध्याकाळपासून त्या दोन्ही घरी माफी मागायला जायला लागल्या. माफी रोज मागायच्या. एका घरी दीड घंटा चालायची, दुसऱ्या घरी दीड घंटा. आयांना वाटायचं बाईला फारच लागलं बिचारीला. त्या बाहेरच्या खोलीत बसून मान हलवत "हौ, गलती माझीच" म्हणायच्या आणि मुलगी शेजारी बसून पाटीवर उदाहरणं सोडवायची. एका आईनं पाचव्यांदा माफ केलं तेव्हा झुबेदा म्हणाली, "उस्तानीबी, आता तिसऱ्या कुणाला तरी दुखवा, लांबच्या मोहल्ल्यात." त्यांनी घड्याळ बघितलं. विचार करत असाव्यात.

मी मिडल पास झाले. हिसाबात काठावर, पण पास. निकाल लागला त्या दिवशी धावत त्यांच्याकडे गेले. त्या जामाच्या झाडाखाली उभ्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "पुढं."

मी पुढं शिकले. आता पंधरा वर्षं मुलींना गणित शिकवते. हिवाळ्याच्या सुट्टीत माझ्या घरी दहा मिनिटांचंच गोड होतं. बासुंदी मी त्या दिवसानंतर केलेली नाही.

कडू बासुंदीच्या पुढच्या वर्षी बहमन महिना आला. उस्तानीबींच्या हातचं कोणी खाणार नव्हतं, त्यामुळे गोडाचा रस्ता बंद होता. सुट्टीच्या आदल्या दिवशी त्या पुन्हा घरोघर गेल्या. या वेळी त्यांच्या यादीत आठ मुली होत्या. आमच्या दारात उभ्या राहून आईला म्हणाल्या, "सुट्टीत पोरीला पाठवा. विणकाम शिकवते."

त्यांना विणकाम येत नव्हतं. सुया त्यांनी उलट्या धरल्या होत्या.

आई काही बोलायच्या आत घरातून आत्याबाईचा आवाज आला. ती आदल्याच दिवशी पैठणहून आली होती आणि येताना यंदा शेगडी आणली नव्हती. "जाऊ दे पोरीला," ती म्हणाली. "मी बी जाती संगं. लोकर हाय माझ्याकडं."

त्या हिवाळ्यात माझ्या नावावर दोन गळपट्टे आणि एक कानटोपी विणली गेली. वडिलांनी ती कानटोपी मरेपर्यंत वापरली आणि मी विणली असं सगळ्यांना सांगितलं. मी तेव्हा बीजगणितावर होते.